तीनशे ट्रकांचा जीपीएस डेटा पोस्टग्रेसमध्ये कसा ठेवावा

प्रश्न असा आहे. नागपूरजवळ वाडीला ऑफिस असलेल्या एका ट्रान्सपोर्टरच्या ३०० गाड्या आहेत. प्रत्येक गाडीतलं जीपीएस डिव्हाइस दर १० सेकंदांनी एक पॅकेट पाठवतं. सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एकाच टेबलात जातं: आपोआप वाढणारा आयडी, गाडीचा नंबर, तारीख-वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, पत्ता आणि मूळ पॅकेट. यातलं बहुतेक टेक्स्ट म्हणूनच साठवलेलं आहे. आठ महिन्यांत ६२ कोटी ओळी झाल्या. गाडी आणि वेळ यांच्यावर इंडेक्स आहे, तरी एका गाडीचा एका दिवसाचा मार्ग नकाशावर यायला दीड मिनिट लागतं. सर्व्हरला ३२ जीबी रॅम आहे, डिस्क साधी फिरती. डेटाबेस बदलावा की टेबल?

टेबल बदला. ३०० गाड्या आणि १० सेकंद म्हणजे सेकंदाला फक्त ३० ओळी होतात, आणि पोस्टग्रेसला हे ओझं मुळीच जड नाही. त्रास वाचताना होतोय. इंडेक्स आहे आणि तो वापरलाही जातोय, पण एका गाडीच्या ओळी डिस्कभर विखुरलेल्या आहेत. हे विखुरणं नीट समजलं की पुढची जवळजवळ सगळी रचना त्यातूनच निघते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एका दिवसासाठी किती पानं उचलावी लागतात

पोस्टग्रेस डिस्कवरून एकेक ओळ उचलत नाही, ८ केबीचं अख्खं पान उचलतं. ओळी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पानावर बसतात. पहिल्या गाडीची ओळ, मग दुसरीची, तिसरीची, अशा ३०० गाड्यांची एक फेरी झाली की पुन्हा पहिली. म्हणजे एकाच गाडीच्या दोन लागोपाठच्या ओळींमध्ये इतर गाड्यांच्या २९९ ओळी पडलेल्या असतात. तुमची ओळ पत्ता आणि पॅकेट धरून चारशेक बाइटची असेल, तर एका पानावर जेमतेम २० ओळी मावतात. एका गाडीच्या दिवसाच्या ८,६४० ओळी मग ८,६४० वेगवेगळ्या पानांवर असतात. कुठली ओळ कुठे आहे ते इंडेक्स बरोबर सांगतो, पण डिस्कच्या सुईला तितक्या ठिकाणी जावंच लागतं. फिरती डिस्क सेकंदाला अशी शंभरेक वाचनं करते. ८,६४० भागिले १०० केलं की तुमचं दीड मिनिट मिळतं.

त्याच ८,६४० ओळी ६० बाइटच्या असत्या आणि एकाशेजारी एक ठेवलेल्या असत्या, तर एका पानावर १३६ मावल्या असत्या आणि काम ६४ पानांत, म्हणजे अर्ध्या एमबीत झालं असतं. करायच्या गोष्टी दोनच आहेत: ओळ बारीक करणं आणि एका गाडीच्या ओळी शेजारी आणणं. एकट्या पहिल्या उपायाने जागा वाचते, विखुरणं तसंच राहतं. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात आणि मग एसएसडी विकत घेतात.

ओळीत काय ठेवायचं

आधी पत्ता काढा. «वर्धा रोड, सोनेगाव, नागपूर» एवढा छोटा पत्ता यूटीएफ-८ मध्ये ६८ बाइट घेतो, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं असतं. पुढे दिलेली संपूर्ण ओळ यापेक्षा लहान आहे. पत्ता हा अक्षांश-रेखांशावरून निघतो, तो स्क्रीनवर दाखवताना काढावा. रिपोर्टला वारंवार लागत असेल तर ट्रिपच्या सुरुवातीचा, शेवटचा आणि थांब्यांचा पत्ता वेगळ्या टेबलात ठेवा. मूळ पॅकेटही या टेबलात नको. दिवसाची एक फाइल करून ती झिप करा आणि महिनाभर ठेवा. पार्सिंगची चूक सापडली तर ती फाइल उपयोगी पडते, पण क्वेरीला तिचं काही काम नसतं.

आपोआप वाढणारा आयडीही काढा. जीपीएसच्या ओळीला कोणीच आयडीने हाक मारत नाही. तो ओळीत ८ बाइट घेतो आणि त्याच्या इंडेक्समध्ये वरून वीसेक बाइट जातात. डिव्हाइस आणि वेळ मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, करा. याचा दुसरा फायदा मोठा आहे. पोच मिळाली नाही की डिव्हाइस तेच पॅकेट पुन्हा पाठवतं, आणि «ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग» लावलं की दुसरी प्रत आपोआप गळते.

उरतात आठ कॉलम, आणि ते याच क्रमाने ठेवा: वेळ ८ बाइट, डिव्हाइस क्रमांक ४, अक्षांश ४, रेखांश ४, उशीर ४, वेग २, दिशा २, स्थिती २. एकूण ३० बाइट. पोस्टग्रेस ८ बाइटचा कॉलम ८ च्या पटीतल्या जागेवरच ठेवतो, त्यामुळे २ बाइटचा कॉलम वेळेच्या आधी आला तर मध्ये ६ बाइट वाया जातात. म्हणून मोठे आधी, लहान शेवटी. प्रत्येक ओळीवर २४ बाइटचं शीर्षक असतं, पानावर तिचा ४ बाइटचा पॉइंटर असतो, आणि ओळ ८ च्या पटीत गोल होते. सगळं मिळून ६० बाइट होतात. कॉलम आठच ठेवण्यामागेही कारण आहे. ओळीत एखादी किंमत रिकामी असेल तर कोणते कॉलम रिकामे याची नोंद शीर्षकात होते. आठ कॉलमपर्यंत ती २४ बाइटमध्येच बसते, नववा कॉलम आला की रिकाम्या किमतीच्या ओळीचं शीर्षक ३२ बाइटचं होतं.

अक्षांश-रेखांश १ कोटीने गुणून पूर्णांकात ठेवा. २१.१४५८ चे २१,१४,५८,००० होतात. रेखांश कमाल १८० असतो, म्हणजे १८० कोटी, आणि ४ बाइटचा पूर्णांक २१४ कोटींपर्यंत जातो. शेवटचा अंक जमिनीवर १ सेंटिमीटरच्या आसपास येतो. ४ बाइटचा फ्लोट घेतला तर ७९ अंशांपाशी दोन लागोपाठच्या किमतींमध्ये जवळपास ८० सेंटिमीटरची फट पडते. ट्रकसाठी ती चालूनही जाईल, पण तेवढ्याच जागेत पूर्णांक जास्त अचूक बसतो, तुलनेला निर्धोक असतो आणि पुढे पॅक करताना फार सोपा जातो. न्यूमरिक प्रकार टाळा. तो ८ ते १० बाइट घेतो आणि हिशोबात हळू चालतो.

वेग ताशी किलोमीटरच्या दहाव्या भागात ठेवा, दिशा ० ते ३५९. स्थितीच्या प्रत्येक बिटला एकेक अर्थ द्या: इग्निशन, फिक्स (उपग्रहांवरून मिळालेली जागा) खरा की खोटा, मुख्य वीज जोडलेली आहे का, एसओएस दाबलाय का. उशीर म्हणजे डिव्हाइसची वेळ आणि सर्व्हरवर पोचण्याची वेळ यांतला फरक, सेकंदांत. दोन पूर्ण वेळा ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि माहितीही पूर्ण राहते.

ओळीत गाडीचा नंबर नको, डिव्हाइसचा क्रमांक ठेवा. डिव्हाइस एका ट्रकमधून काढून दुसऱ्यात बसवलं जातं आणि त्याची नोंद वर्कशॉपमधून दोन-चार दिवसांनी येते. कोणतं डिव्हाइस कोणत्या गाडीत कधीपासून कधीपर्यंत होतं याचं वेगळं टेबल केलं, की एक नोंद सुधारून जुना सगळा मार्ग योग्य गाडीच्या नावावर जातो. ओळीतच एमएच ३१ किंवा एमएच ४९ चा नंबर लिहिलेला असेल तर लाखो ओळी बदलाव्या लागतात. या टेबलात एकाच डिव्हाइसच्या दोन मुदती एकमेकींवर चढणार नाहीत अशी एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट जरूर लावा.

पोस्टजीआयएस या पोस्टग्रेसच्या नकाशासाठीच्या एक्स्टेन्शनचा पॉइंट प्रत्येक ओळीत ठेवू नका. तो तीसेक बाइटचा असतो, वरच्या दोन पूर्णांकांचे ८ होतात. वर्षाच्या ९४ कोटी ओळींवर जागेवरून शोधणारा जिस्ट इंडेक्स बांधला तर तो टेबलालाच जड होतो. पोस्टजीआयएस हवंच, पण ते जिओफेन्स (नकाशावर आखलेलं कुंपण) आणि ट्रिप यांच्या टेबलात. अंतरं यूटीएम प्रोजेक्शनमध्ये (पृथ्वी उभ्या पट्ट्यांत, म्हणजे झोनमध्ये, वाटून सपाट करणारी पद्धत) काढत असाल तर एक स्थानिक अडचण लक्षात ठेवा. नागपूर ४४ व्या झोनमध्ये आहे आणि अमरावती ४३ व्या. ७८ अंश रेखांशाची सीमा या दोघांच्या मध्ये येते, त्यामुळे रोज अमरावतीला जाणारी गाडी रोज झोन ओलांडते. जिऑग्राफी प्रकार वापरला की हा प्रश्नच उरत नाही.

आत येणाऱ्या चुका दारातच अडवा

सगळ्यात फसवी चूक एनएमईए फॉरमॅटची, म्हणजे जीपीएस डिव्हाइस जागा ज्या वाक्यांत पाठवतात त्यांची आहे. त्यात २१०८.७४८ म्हणजे २१ अंश ८.७४८ मिनिटं, दशांशात २१.१४५८. नवीन माणूस त्याला १०० ने भागून २१.०८७४८ असं वाचतो. रेखांशाचंही तसंच, ०७९०५.२९२ चे खरे ७९.०८८२ होतात आणि चुकीने ७९.०५२९२. आता परिणाम पाहा. शहराच्या मध्यात उभी असलेली गाडी साडेसहा किलोमीटर दक्षिणेला आणि साडेतीन किलोमीटरहून थोडी जास्त पश्चिमेला, म्हणजे विमानतळाच्या आसपास दिसते. ठिकाण नागपुरातलंच असल्याने महिनोन्महिने कोणाला शंका येत नाही. ओळखायची खूण अशी: दशांशानंतरचे पहिले दोन अंक कधीच ६० च्या वर जात नाहीत आणि अंशाच्या सीमेवर गाडी एकदम ४० किलोमीटर उडी मारते. वेगही नॉटमध्ये येतो, त्याला १.८५२ ने गुणायचं असतं.

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर नागपूरची गाडी ७९ उत्तर, २१ पूर्व अशी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जाते. पोस्टजीआयएसमध्ये पॉइंट बनवताना रेखांश आधी द्यावा लागतो, तिथेच ही चूक होते. अक्षांश ६ ते ३८, रेखांश ६८ ते ९८ अशी चेक कन्स्ट्रेंट लावा, दोन ओळींचं काम आहे. फिक्स नसताना काही डिव्हाइस शून्य-शून्य पाठवतात, काही शेवटची जागाच पुन्हा पाठवतात. एनएमईएच्या आरएमसी वाक्यात खऱ्या फिक्सला ए आणि खोट्याला व्ही असतो. व्ही असेल तर अक्षांश-रेखांश रिकामे ठेवा. जुनी जागा नव्या वेळेसोबत लिहिली तर गाडी उभी होती असा खोटा पुरावा तयार होतो.

वेळेचा घोळ याहून मोठा. सगळं यूटीसीत ठेवा, पण डिव्हाइस यूटीसी पाठवतंय हे गृहीत धरू नका. काही डिव्हाइसांत भारतीय वेळ भरलेली असते, मग पॅकेट साडेपाच तास भविष्यातलं दिसतं. दुसरी गोष्ट जीपीएसच्या आठवड्यांची. मूळ सिग्नलमध्ये आठवड्याचा आकडा १० बिटचा आहे आणि १,०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो असा उलटला. जुन्या फर्मवेअरचं डिव्हाइस तेव्हापासून ७,१६८ दिवस मागची तारीख पाठवतं. ओळख पटली की त्या डिव्हाइसपुरते पार्सरमध्ये ७,१६८ दिवस मिळवायचे.

नियम सोपा ठेवा. आत्ताच्या वेळेपेक्षा ५ मिनिटं पुढचं किंवा ३० दिवस मागचं पॅकेट मुख्य टेबलात जाऊ द्यायचं नाही, वेगळ्या अडगळीच्या टेबलात टाकायचं. हे आधीच केलं नाही तर पार्टिशन, म्हणजे टेबलाचा वेळेनुसार पाडलेला तुकडा, न सापडल्याची एरर येते आणि एका खराब पॅकेटपायी अख्खी बॅच परत फिरते. त्यासाठी कुठेच न बसणाऱ्या ओळी घेणारं डीफॉल्ट पार्टिशन ठेवण्याचा मोह होतो, पण ते नको. नवीन पार्टिशन जोडताना पोस्टग्रेसला डीफॉल्टमधल्या सगळ्या ओळी तपासाव्या लागतात, आणि तोवर लॉक धरून ठेवला जातो.

पार्टिशन आणि आठवड्याची लावणी

आता विखुरण्याचा इलाज. टेबल आठवड्यागणिक पार्टिशन करा. एका आठवड्यात १ कोटी ८१ लाख ओळी होतात, म्हणजे सुमारे १.१ जीबी आणि त्यावर अर्धा जीबी इंडेक्स. सीमा सोमवारच्या ००:०० ला, पण भारतीय वेळेच्या. पार्टिशन बनवताना «+०५:३०» स्पष्ट लिहा. नाही लिहिलं आणि सर्व्हर यूटीसीवर असला तर सीमा सोमवारी पहाटे साडेपाचला पडते, आणि सोमवारच्या प्रत्येक रिपोर्टला दोन पार्टिशनं उघडावी लागतात. पुढची चार पार्टिशनं आधीच बनवून ठेवणारं काम रोज चालवा.

आठवडा संपला की मंगळवारी पहाटे त्या बंद पार्टिशनवर «क्लस्टर» चालवा, प्रायमरी कीच्या क्रमाने. म्हणजे आधी डिव्हाइस, मग वेळ. एका गाडीच्या ओळी शेजारी येतात आणि ८,६४० पानांची ६४ होतात. क्लस्टर चालू असताना त्या पार्टिशनचं वाचनही अडतं आणि टेबल अधिक इंडेक्स एवढी मोकळी जागा डिस्कवर लागते. एक जीबीसाठी हे काही मिनिटांचं काम आहे, महिन्याचं पार्टिशन असतं तर जास्त वेळ अडलं असतं. आठवडा निवडण्याचं कारण हेच. क्लस्टरनंतर टेबलाची आकडेवारी ताजी करणारं «अॅनालाइझ» विसरू नका.

चालू आठवडा विखुरलेलाच राहणार. पण तो दीड जीबीचा आहे, ३२ जीबीच्या रॅममध्ये आरामात बसतो आणि सुईला हलावंच लागत नाही. पानांच्या एकेका पट्ट्यामागे फक्त किमान-कमाल किंमत ठेवणाऱ्या ब्रिन इंडेक्सबद्दल हमखास विचारलं जातं. तो फार छोटा असतो आणि ओळी वेळेच्या क्रमाने बसलेल्या असतील तर छान चालतो. पण क्लस्टर केल्यावर तो क्रम मोडतो, एकाच दिवसाचे पट्टे टेबलभर पसरतात आणि वेळेवरचा ब्रिन फारसा कामाचा राहत नाही. दोन्ही एकत्र ठेवू नका. तुमचं वाचन गाडीनुसार आहे, तेव्हा क्लस्टर घ्या.

जुना डेटा काढताना डिलीट कधीच नको. पार्टिशन ड्रॉप केलं की क्षणात काम होतं, डिलीटने मात्र मेलेल्या ओळी आणि त्या साफ करणाऱ्या व्हॅक्यूमचं काम मागे राहतं. पोस्टग्रेस १३ च्या आधीचा असेल तर अपग्रेड करा. त्याआधी फक्त इन्सर्ट होणाऱ्या टेबलाकडे ऑटोव्हॅक्यूम फार उशिरापर्यंत फिरकत नसे.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी एवढंच: त्याच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनात टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठतं. डिव्हाइस आणि वेळ ही प्रायमरी की केली की शेजारपण आपोआप मिळतं, क्लस्टरची गरज नाही. तिथे आपोआप वाढणारा आयडी प्रायमरी की ठेवणं ही मात्र दुप्पट महाग चूक आहे, कारण प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये तोही जातो आणि ओळी विखुरतातही.

पाच आठवड्यांपेक्षा जुनं: तासाची एक ओळ

६० बाइटची ओळ आणि ३० बाइटचा इंडेक्स धरला तरी वर्षाला ८५ जीबी होतात. पाच आठवड्यांनंतर कोणी १० सेकंदांची एकेक ओळ शोधत नाही, पूर्ण मार्ग मागतात. म्हणून जुनं पार्टिशन तासांच्या गाठोड्यांत बांधा. एका डिव्हाइसचा एक तास म्हणजे एक ओळ. त्यात डिव्हाइस, तासाची सुरुवात, बिंदूंची संख्या, अक्षांश-रेखांशाची किमान-कमाल आणि एका बायटी (कच्च्या बाइटच्या) कॉलममध्ये सगळे बिंदू.

बिंदू बांधायची रीत अशी. अचूकता १० लाखाने गुणलेल्या पूर्णांकावर आणा, ११ सेंटिमीटर पुरेसे आहेत. पहिला बिंदू पूर्ण लिहा, पुढचे फक्त फरकाने. ताशी ८० च्या गाडीने १० सेकंदांत २२२ मीटर कापले तर फरक दोन हजाराच्या थोडा वर येतो. ऋण-धन एकत्र गुंफून व्हेरिंट (लहान आकड्याला कमी बाइट देणारं लेखन) केलं तर २ बाइटमध्ये ८,१९१ पर्यंतचा फरक मावतो. अक्षांश २, रेखांश २, वेळेचा फरक १, वेग २, असे बिंदूमागे ७ बाइट. दिशा दोन बिंदूंवरून निघते. स्थिती फक्त बदलते तेव्हाच लिहायची. वर्षाच्या ९४.६ कोटी बिंदूंचे ६.६ जीबी होतात, ओळींची शीर्षकं धरूनही ७ च्या आसपास. ८५ वरून ७, आणि एकही बिंदू न गमावता.

तासाचं गाठोडं अडीच केबीचं होतं. दोन केबीच्या वरची ओळ पोस्टग्रेस टोस्टमध्ये, म्हणजे मोठ्या किमतींच्या बाजूच्या टेबलात, टाकतो आणि आधी दाबून पाहतो. फरकाने लिहिलेला डेटा आणखी फारसा दबत नाही, फुकट प्रोसेसर खर्च होतो. त्या कॉलमची स्टोरेज «एक्स्टर्नल», म्हणजे न दाबता ठेवणारी, करा.

दोन तोटे आहेत. पहिला: गाठोड्याच्या आत एसक्यूएल पाहू शकत नाही, सोडवणारं फंक्शन लागतं. «त्या दिवशी बुटीबोरीच्या पुलावरून कोणत्या गाड्या गेल्या» अशा प्रश्नाला किमान-कमाल चौकटीने मदत होते, पण हायवेवरच्या एका तासाची चौकट खूप मोठी असते. असे प्रश्न नेहमी येत असतील तर जिओफेन्समध्ये शिरल्या-निघाल्याच्या नोंदी पॅकेट येतानाच वेगळ्या टेबलात लिहा. दुसरा: उशिरा आलेली पॅकेटं. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात नेटवर्क नसलं की डिव्हाइस साठवून ठेवतं आणि नंतर सोडतं. बांधलेल्या तासाचं पॅकेट ३० दिवसांच्या नियमाने अडगळीच्या टेबलात पडतं, ते तिथून घ्या आणि रात्री तेवढ्याच तासाचं गाठोडं उघडून पुन्हा बांधा.

हे स्वतः लिहायचं नसेल तर टाइमस्केल एक्स्टेन्शनचं कॉम्प्रेशन हेच काम करतं. सेगमेंट डिव्हाइसवर आणि क्रम वेळेवर द्या. तिथेही पूर्णांकाला फायदा होतो, कारण तो फरकाच्या फरकाने दबतो आणि फ्लोटला वेगळी पद्धत लागते.

डग्लस-प्यूकर लावून बिंदू कमी करण्याचा सल्ला मिळतो, तो जपून घ्या. ही पद्धत फक्त आकार पाहते, वेळ नाही. समृद्धी महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर ती मधले सगळे बिंदू काढून टाकेल, आणि मध्ये २० मिनिटं थांबलेली गाडी किंवा ताशी १०० चा वेग कुठेच दिसणार नाही. वापरायचीच असेल तर वेळेनुसार अपेक्षित जागेपासूनचं अंतर मोजणारा तिचा प्रकार वापरा, आणि तोही नकाशाच्या चित्रापुरता.

उभ्या गाडीचे किलोमीटर

ओळी मुळातच कमी करायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे उभी गाडी. कळमन्याच्या यार्डात माल उतरेपर्यंत गाडी बारा तास उभी असते आणि तरी ४,३२० पॅकेटं पाठवते. इग्निशन बंद असताना ५ मिनिटांचं अंतर ठेवा, ती १४४ होतील. डिव्हाइसमध्येच हे सेटिंग असतं.

याने किलोमीटरचा हिशोबही सुधारतो. उभ्या गाडीचा बिंदू जागच्या जागी हलत असतो. दर पॅकेटला ५ मीटर धरले तरी तासाला ३६० पॅकेटांचे १.८ किलोमीटर आणि बारा तासांचे २१.६ किलोमीटर होतात, तेही गाडी जागची न हलता. डिझेलचा हिशोब या आकड्यावर करत असाल तर ड्रायव्हरवर अन्याय होतो. इग्निशन बंद असेल किंवा वेग ताशी ३ च्या खाली असेल तर ते अंतर धरू नका.

हलत्या गाडीला उलटी काळजी घ्यावी लागते. ताशी ८० ला दोन बिंदूंत २२२ मीटर असतात, म्हणून टोल नाक्याभोवतीचं १०० मीटर त्रिज्येचं जिओफेन्स गाडी सहज उडी मारून पार करते. बिंदू आत आहे का हे पाहू नका, दोन बिंदूंना जोडणारी रेघ कुंपणाला छेदते का ते पाहा. आधी पूर्णांकावर चौकट लावून गाळा: नागपूरच्या अक्षांशावर १ किलोमीटर म्हणजे अक्षांशाचे ९०,३०० आणि रेखांशाचे ९६,३०० एकक.

आत्ता गाडी कुठे आहे

डॅशबोर्ड दर काही सेकंदांनी हेच विचारतो आणि त्यासाठी मोठ्या टेबलाला हात लावू नये. ३०० ओळींचं वेगळं टेबल ठेवा, प्रत्येक पॅकेटला अपडेट. अट एकच: नवी वेळ जुन्या वेळेपेक्षा मोठी असेल तरच बदल करायचा. नाही तर साठवलेली जुनी पॅकेटं आली की गाडी नकाशावर मागे पळते. फिलफॅक्टर ७० ठेवा, म्हणजे पान ७० टक्केच भरेल, आणि प्रायमरी कीशिवाय एकही इंडेक्स नको. बदलणाऱ्या कॉलमवर इंडेक्स नसेल तरच पोस्टग्रेस त्याच पानात स्वस्तात अपडेट करतो.

लिहिताना ५ सेकंदांची पॅकेटं एकत्र करून एकच इन्सर्ट द्या, साधारण १५० ओळी. «कॉपी»ला ऑन कॉन्फ्लिक्ट चालत नाही, ती वापरायची असेल तर आधी तात्पुरत्या टेबलात घ्या. डिव्हाइसला पोच कमिटनंतरच पाठवा, पोच मिळाली की ते आपल्या मेमरीतलं पॅकेट पुसतं. सिंक्रोनस कमिट बंद केलं तर वीज गेल्यावर शेवटचा अर्धा-पाऊण सेकंद जाऊ शकतो, तेवढं परवडतं. एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री करणारं सेटिंग) मात्र कधीही बंद करू नका, त्याने अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो.

क्वेरीत वेळेच्या कॉलमवर तारखेचं फंक्शन लावू नका. त्याने इंडेक्सही सुटतो आणि पार्टिशनची छाटणीही. «या क्षणापासून पुढे आणि त्या क्षणाच्या आधी» अशाच दोन तुलना लिहा.

गाड्या वीसच असतील आणि पॅकेट ३० सेकंदांनी येत असेल तर वर्षाला २ कोटी १० लाख ओळी होतात. तिथे बारीक ओळ आणि एक प्रायमरी की एवढंच पुरे, पार्टिशन आणि गाठोडी यांत वेळ घालवू नका.

६२ कोटी ओळी हलवताना

आधी नवीन टेबल चालू करून येणारी पॅकेटं तिकडे वळवा. मग जुन्या ओळी आठवड्याच्या तुकड्यांनी आणा, सगळ्यात ताजा आठवडा आधी. टेक्स्टमधली वेळ कोणत्या झोनची आहे ते दहा-वीस डिव्हाइसांवर तपासून घ्या. निवडतानाच डिव्हाइस आणि वेळ या क्रमाने लावा, म्हणजे क्लस्टर वेगळं करावं लागत नाही. पाच आठवड्यांपलीकडचं असंच वाचून थेट गाठोड्यांत बांधा. प्रत्येक आठवड्यानंतर डिव्हाइस आणि दिवस धरून वेगवेगळ्या वेळांची संख्या दोन्हीकडे मोजा. एकूण ओळी जुळणार नाहीत, कारण जुन्या टेबलात दुहेरी पॅकेटं आहेत. वेगळ्या वेळा मात्र जुळल्याच पाहिजेत, फक्त वगळलेली खराब पॅकेटं सोडून.

मग एका गाडीचा गेल्या आठवड्यातला एक दिवस घेऊन क्वेरी किती पानं वाचते ते दाखवणाऱ्या «एक्सप्लेन»ला अॅनालाइझ आणि बफर्स लावून चालवा. टेबलाची ६४-६५ पानं आणि इंडेक्सची तीस-पस्तीस, मिळून शंभराच्या आसपास आकडा दिसायला हवा. तो हजारांत असेल तर त्या आठवड्याचं क्लस्टर झालेलं नाही.